टेबल यादीत दिसतंय, पण क्वेरी म्हणते ते नाहीच (पोस्टग्रेस, कॅपिटल-स्मॉल आणि डबल कोट)

शेवंती

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच जागी अडकले आहे, मदत हवी.

आमचं एक जुनं अ‍ॅप्लिकेशन मायएसक्यूएलवर चालायचं, लिनक्स सर्व्हरवर. ते आता पोस्टग्रेसवर, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसवर, नेलं. डेटा हलवायला एक तयार टूल वापरलं. सगळ्या ओळी आल्या, टेबलागणिक मोजून पाहिल्या. अ‍ॅप्लिकेशन ओआरएममधून (कोडमधून क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी) बोलतं, तेही व्यवस्थित सुरू आहे. अडलेत ते हाताने लिहिलेले रिपोर्ट.

एका टेबलाचं नाव कस्टमरऑर्डर्स. इंग्रजीत लिहिताना त्यातला सी आणि ओ कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल, मध्ये अंडरस्कोर नाही. (देवनागरीत कॅपिटल-स्मॉल दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगते.) पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचा कमांड लाइन प्रोग्रॅम) टेबलांची यादी मागितली की हे नाव तिथे दिसतं. त्यावर साधा सिलेक्ट चालवला की 'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट'. टायपो नको म्हणून यादीतलं नाव कॉपी-पेस्ट केलं, तरी तेच उत्तर. मायएसक्यूएलवर हीच क्वेरी कितीतरी वर्षं चालत होती.

कुठे बघू?

---

पारवा

सर्च पाथ (पोस्टग्रेस ज्या स्कीमांत टेबल शोधतो त्यांची यादी; स्कीमा म्हणजे टेबलांचा कप्पा) बघितला का? टेबल दुसऱ्या स्कीमात गेलं असेल तर यादीत एका ठिकाणी दिसेल आणि क्वेरीला सापडणार नाही. नाहीतर परवानगीचा घोळ असेल.

---

शेवंती

स्कीमा पब्लिकच आहे, सर्च पाथमध्येही आहे. नावाआधी पब्लिक आणि टिंब लावूनही पाहिलं, एरर तीच. परवानगीचं म्हणाल तर सुपरयूजरनेच चालवतेय.

---

जुना_डीबीए

परवानगी नसती तर 'परमिशन डिनाइड' म्हणाला असता. 'डझ नॉट एक्झिस्ट' म्हणतोय म्हणजे तुम्ही सांगितलेल्या नावाचं टेबल त्याला खरंच दिसत नाहीये.

शेवंतीताई, एकच करा. एररची ओळ पुन्हा नीट वाचा. रिलेशन या शब्दापुढे अवतरणात जे नाव छापून येतं, त्यातला सी आणि ओ कॅपिटल आहे की स्मॉल?

---

शेवंती

स्मॉल! मी कॅपिटल लिहिलं आणि एररमध्ये सगळंच्या सगळं स्मॉल आलंय. दोन दिवस ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

---

जुना_डीबीए

सगळं तिथेच आहे. ती ओळ बहुतेक जण शेवटच्या तीन शब्दांपुरतीच वाचतात, त्यामुळे सविस्तर लिहितो. पुढे कुणाला शोधताना सापडलं तर उपयोग होईल.

कोट न लावता नाव लिहिलंत की पोस्टग्रेस क्वेरी वाचतानाच ते स्मॉल करून टाकतो. याला फोल्डिंग म्हणतात. तुम्ही कॅपिटल सी लिहिला काय किंवा सगळंच नाव कॅपिटलमध्ये लिहिलं काय, कॅटलॉगमध्ये, म्हणजे टेबलांच्या नावांच्या त्याच्या अंतर्गत नोंदीत, तो शोधणार स्मॉल कस्टमरऑर्डर्स. नावाला डबल कोट लावलेत तर मात्र तो एकाही अक्षराला हात लावत नाही. अवतरणात जसं आहे तस्संच शोधतो, आणि टेबल बनवताना तस्संच साठवतो.

तुमच्या टूलने मायएसक्यूएलमधली नावं जपायची म्हणून टेबलं बनवताना डबल कोट लावले. म्हणून कॅटलॉगमध्ये कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ बसले. ओआरएम प्रत्येक नावाला स्वतःहून कोट लावतं, त्यामुळे त्याला टेबल सापडतं. रिपोर्टमध्ये कोट नाहीत, त्यांचं नाव स्मॉल होतं, आणि स्मॉल नावाचं टेबल अस्तित्वात नाही. यादीतून कॉपी केलंत तेव्हा अक्षरं बरोबरच आली, पण पीएसक्यूएलची ती यादी नावाभोवती कोट छापत नाही. पेस्ट झाल्यावर फोल्डिंग झालंच.

लोक पटकन म्हणतात, 'पोस्टग्रेस केस-सेन्सिटिव्ह आहे.' हे अर्धंच खरं. कॅटलॉगमधली तुलना अक्षरशः होते, हे खरं. पण कोट नसलेलं नाव तुलनेला पोचायच्या आधीच स्मॉल झालेलं असतं, त्यामुळे वापरणाऱ्याला ते केस-इन्सेन्सिटिव्ह भासतं. नावाचा स्वभाव ठरतो तो टेबल बनवतानाच्या ओळीत. तिथे कोट लावून कॅपिटल घातलं की पुढे ते टेबल जगेल तोवर प्रत्येकाला, प्रत्येक क्वेरीत, कोट लावावे लागतात.

आता रिपोर्टमध्ये नावाला डबल कोट लावून बघा.

---

शेवंती

चाललं! मनापासून आभार.

पण लगेच पुढची अडचण. कॉलमांचंही तसंच झालंय. मायएसक्यूएलवर कॉलमचं नाव कसंही लिहिलं तरी चालायचं, त्यामुळे एका रिपोर्टमध्ये कस्टमरआयडीचा सी कॅपिटल, दुसऱ्यात आयडी पूर्ण कॅपिटल, तिसऱ्यात सगळं स्मॉल. आता प्रत्येक ठिकाणी मूळ नाव बघून तसे कोट लावत बसायचं? साठ-एक टेबलं आहेत आणि रिपोर्ट त्याहून जास्त.

---

टिटवी

तुमचा निर्णय होईपर्यंत मी थोडी भर घालते. प्रत्येक डेटाबेस हे वेगळं करतो, आणि एकावरून दुसऱ्यावर जाणारे सगळे याच दगडाला ठेचकाळतात.

एसक्यूएलच्या प्रमाणात, म्हणजे १९९२च्या आवृत्तीतही, नियम असा आहे की कोट नसलेलं नाव कॅपिटल समजायचं. ओरॅकल आणि डीबी२ हा नियम पाळतात. फायरबर्ड आणि स्नोफ्लेकही. पोस्टग्रेस उलट दिशेने जाऊन स्मॉल करतो, आणि हे प्रमाणाशी जुळत नाही असं त्यांच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. आता ते बदलायचं तर जगातल्या असंख्य क्वेरी मोडतील.

माझी बरीच वर्षं ओरॅकलवर गेली. तिथे हीच चूक आरशातल्यासारखी दिसते. कुणीतरी ग्राफिकल टूलमधून टेबल बनवतं, टूल कोट लावून स्मॉल नाव बसवतं, आणि मग कोट न लावता लिहिलेली क्वेरी कॅपिटल नाव शोधत फिरते. 'टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट', तो प्रसिद्ध ओरा-००९४२. दुसरं एक नेहमीचं म्हणजे डेटा डिक्शनरीत (ओरॅकलचा कॅटलॉग) शोधताना टेबल नेम या कॉलमपुढे सिंगल कोटमध्ये स्मॉल नाव लिहायचं. उत्तरात शून्य ओळी येतात, कारण तिथे साठवलेलं नाव कॅपिटल असतं आणि सिंगल कोटमधलं अक्षर कुणी फोल्ड करत नाही. एका नवीन सहकाऱ्याने यावरून टेबल उडालंय असं समजून बॅकअपमधून आणायची तयारी सुरू केली होती. वेळेत विचारलं म्हणून बरं.

---

कोरा_कागद

मायएसक्यूएलचं कुणी बोललं नाही, तर ते मी सांगतो. ते सगळ्यांत निराळं आहे, कारण तिथे हे एसक्यूएलपेक्षा डिस्कवर जास्त अवलंबून आहे.

मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस म्हणजे एक फोल्डर आणि टेबल म्हणजे त्यातली फाइल, असा मूळचा संबंध. त्यामुळे फाइलसिस्टीम कॅपिटल-स्मॉल वेगळं मानत असेल तर टेबलाचं नावही वेगळं मानलं जातं. लिनक्सवर फरक पडतो, विंडोजवर पडत नाही. 'लोअर केस टेबल नेम्स' नावाचं एक सेटिंग आहे, त्याच्या किमती तीन. शून्य म्हणजे लिहिलं तसं साठवायचं आणि तुलनाही तशीच, हे लिनक्सवर आपोआप असतं. १ म्हणजे स्मॉल करून साठवायचं, हे विंडोजवर. २ म्हणजे लिहिलं तसं साठवायचं पण तुलना स्मॉल करून, हे मॅकवर.

म्हणजे तीन जण तीन प्रकारच्या मशीनवर तोच कोड चालवतात आणि तिघांचा डेटाबेस नावांच्या बाबतीत तीन तऱ्हेने वागतो. मी स्वतः यात पोळलोय. लॅपटॉप विंडोजचा, कोडमध्ये टेबलाचं नाव कॅपिटलने, सगळ्या टेस्ट हिरव्या. डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) काढला तर त्यात नावं स्मॉल. तो लिनक्स सर्व्हरवर चढवला आणि पहिल्याच पानावर एरर ११४६, टेबल नाही. रात्री एक वाजता मी डंपच्या फाइलमध्ये फाइंड-रिप्लेस करत बसलो होतो, आणि त्यात एका टेक्स्ट कॉलममधला खरा डेटाही बदलून गेला. ते निस्तरायला पुढचा आठवडा लागला.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. आवृत्ती ८.० पासून हे सेटिंग सर्व्हर पहिल्यांदा इनिशियलाइझ करतानाच ठरवायचं असतं. नंतर बदललंत तर सर्व्हर सुरूच होत नाही. जुने ब्लॉग 'कॉन्फिग फाइलमध्ये १ लिहा आणि रीस्टार्ट करा' असं सांगतात. तो सल्ला आता चालत नाही.

आणि शेवंती म्हणतात ते बरोबरच आहे, कॉलम आणि इंडेक्सची नावं मायएसक्यूएलवर कुठेही केस-सेन्सिटिव्ह नसतात. पण टेबलाचं एलियस, म्हणजे क्वेरीपुरतं दिलेलं टोपणनाव, लिनक्सवर असतं! वर एलियस स्मॉल ओ आणि खाली वेअरमध्ये कॅपिटल ओ लिहिलं की 'अननोन कॉलम'.

---

उंबर

एसक्यूएल सर्व्हरवाले आम्हीही आहोत. :)

आमच्याकडे फोल्डिंग नाहीच. नाव लिहिलं तसं साठतं, आणि तुलना डेटाबेसच्या कोलेशनप्रमाणे (अक्षरं कशी जुळवायची याचे नियम) होते. कोलेशनच्या नावात सीआय असेल तर कॅपिटल-स्मॉल एकच, सीएस असेल तर वेगळं. बहुतेक ठिकाणी सीआय असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवत नाही. मग एखाद्या ग्राहकाकडे सीएस कोलेशनचा डेटाबेस निघतो आणि निम्म्या प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेले प्रोग्रॅम) कोसळतात. तिथे इन्फर्मेशन स्कीमा हे नावसुद्धा कॅपिटलमध्येच लिहावं लागतं. शिवाय व्हेरिएबलची नावं डेटाबेसच्या नाही, तर सर्व्हरच्या कोलेशनने चालतात. म्हणजे तोच डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर केला की टेबलं सापडतात, पण प्रोसीजरमधला व्हेरिएबल सापडत नाही.

आम्ही एका बिल्ड मशीनवर मुद्दाम सीएस कोलेशनचा डेटाबेस ठेवलाय. रोज रात्री सगळ्या स्क्रिप्ट तिथे चालतात. कॅपिटल-स्मॉलचा निष्काळजीपणा दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतो.

कोट म्हणून आमच्याकडे चौकोनी कंस. 'क्वोटेड आयडेंटिफायर' सेटिंग चालू असेल तर डबल कोटही चालतात.

---

वाटसरू

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळे जण कोट म्हणजे संकट असल्यासारखं बोलताहेत. माझं मत नेमकं उलट आहे, कोट नेहमी, सगळीकडे लावावेत. ओआरएम तेच करतं आणि म्हणूनच शेवंतींचं अ‍ॅप्लिकेशन एक दिवसही बंद पडलं नाही.

राखीव शब्दांचं बघा. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताना आमचं ग्रुप्स नावाचं टेबल आणि रँक नावाचा कॉलम, दोन्ही एका रात्रीत राखीव शब्द झाले. विंडो फंक्शन आली आणि सोबत हे शब्द आले. बॅकटिक (मायएसक्यूएलचं नावांसाठीचं कोट-चिन्ह) असलेल्या क्वेरी तगल्या, नसलेल्या सगळ्या सिंटॅक्स एररने गेल्या. पुढच्या आवृत्तीत कुठला शब्द राखीव होईल हे आज कुणाला माहीत? पीजी-डंपलाही (पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल) सगळी नावं कोट करायचा पर्याय दिलेला आहे, तो याच कारणासाठी.

---

जुना_डीबीए

वाटसरू, मुद्दा वजनदार आहे, आणि राखीव शब्दांबद्दल तर पूर्ण सहमत. पोस्टग्रेसवर याचं एक वाईट रूप आहे. यूजर नावाचं टेबल कोट लावून बनवा, आणि मग कोट न लावता सिलेक्ट स्टार फ्रॉम यूजर चालवा. एरर येत नाही! एक ओळ, एक कॉलम, त्यात तुमच्या लॉगिनचं नाव. कारण कोट नसलेला यूजर हा शब्द तिथे 'आत्ता जोडलेला वापरकर्ता' या अर्थाने राखीव आहे. टेबलात हजारो ओळी असताना एकच का येते म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

पण दोन गोष्टी वेगळ्या करू. कोट लावणं ही एक, नावात कॅपिटल मिसळणं ही दुसरी. त्रास देते ती दुसरी. पोस्टग्रेसवर टेबलाचं नाव पूर्ण स्मॉल असेल, शब्द अंडरस्कोरने जोडले असतील आणि तो शब्द राखीव नसेल, तर कोट लावलेली क्वेरीही चालते आणि न लावलेलीही. ओआरएम त्याच्या सवयीने कोट लावेल, रिपोर्ट लिहिणारा लावणार नाही, दोघांनाही तेच टेबल मिळेल. नावात एक कॅपिटल शिरलं की हे दोन रस्ते फुटतात.

टिटवींच्या ओरॅकलवर हेच पूर्ण कॅपिटलला लागू. तिथे कोट लावून स्मॉल नाव ठेवलंत की फसलात. म्हणून 'नेहमी कोट लावा' हा नियम एका डेटाबेसपुरता ठीक, पण तीच कोट लावलेली स्क्रिप्ट दुसऱ्या डेटाबेसवर नेली की ती तिथे चुकीच्या केसची नावं कायमची बसवते.

आणि टेबलाशी फक्त अ‍ॅप्लिकेशन बोलत नाही. रात्री जागून दुरुस्ती करणारा माणूस बोलतो, रिपोर्टचं टूल बोलतं, बॅकअपची शेल स्क्रिप्ट बोलते. पीजी-डंपला एकच टेबल मागताना त्याचं नाव कॅपिटल असेल तर शेलसाठी एक अवतरण आणि पोस्टग्रेससाठी आत दुसरं, बॅकस्लॅश लावून, असं लिहावं लागतं. घाईत हे चुकतं. ज्या नावाला घाईत चुकण्याची जागाच नाही असं नाव ठेवावं.

---

वाटसरू

हे पटलं. कोट लावा, पण कोट काढले तरी चालेल असंच नाव ठेवा, असं म्हणताय तुम्ही. मग माझा विरोध उरत नाही.

---

पारवा

आधी चुकीचं सांगितलं त्याची भरपाई म्हणून एक धोका सांगतो, जो वर कुठेच आला नाही. सिंगल कोट आणि डबल कोट यांतला फरक.

प्रमाणानुसार सिंगल कोट म्हणजे मजकूर, डबल कोट म्हणजे नाव. पण मायएसक्यूएल त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये डबल कोटलाही मजकूर मानतं. एएनएसआय कोट्स हा मोड चालू केला तरच ते नाव मानतं. आता पोस्टग्रेसवर लिहिलेली एक क्वेरी घ्या, 'डिलीट फ्रॉम इन्व्हॉइसेस, जिथे "स्टेटस" बरोबर नाही 'पेड' या मजकुराच्या'. स्टेटसला डबल कोट आहेत. पोस्टग्रेसवर ती फक्त न भरलेली बिलं काढेल. तीच मायएसक्यूएलवर चालवली तर स्टेटस हा नुसता मजकूर ठरतो. स्टेटस हा शब्द आणि पेड हा शब्द कधीच सारखे नाहीत, अट प्रत्येक ओळीला खरी, सगळं टेबल रिकामं. एररचं नाव नाही.

एसक्यूलाइटमध्ये आणखी गुंतागुंत. तिथे डबल कोटमधलं नाव कॉलमशी जुळलं तर कॉलम, नाही जुळलं तर गुपचूप मजकूर. म्हणजे कॉलमच्या नावात एक अक्षर चुकलं तरी क्वेरी चालते, फक्त उत्तर चुकीचं येतं. मायएसक्यूएलशी जुळवून घ्यायला केलेली ही सोय चूक होती, असं त्यांच्या कागदपत्रांत मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. २०१९च्या ३.२९.० आवृत्तीपासून ती बंद करता येते. नवीन काम असेल तर पहिल्या दिवशी बंद करा.

---

अबोली७

एक शंका. कॅपिटल-स्मॉलचा एवढा त्रास आहे, तर टेबलांची नावं सरळ मराठीतच ठेवली तर? आपल्या लिपीत हा प्रश्नच नाही. गंमत म्हणून नाही विचारत, आमच्या एका अंतर्गत कामात सगळे शब्द मराठीच आहेत आणि त्यांचं इंग्रजी करताना अर्थ बदलतात.

---

टिटवी

चालतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही देवनागरी नाव कोट न लावता घेतात. फोल्डिंगचा प्रश्न उद्भवत नाही, ते बरोबर.

पण दुसरे दोन प्रश्न येतात. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे एकूण २१ चिन्हं. 'प्रलंबित_बिलांची_नोंदवही' एवढंसुद्धा बसत नाही. त्याहून लांब नाव दिलं तर पोस्टग्रेस एक नोटीस देऊन शेपूट कापतो आणि पुढे जातो. मायएसक्यूएलची मर्यादा ६४ अक्षरांची आहे, बाइटची नाही, तिथे ऐसपैस जागा.

दुसरा जास्त त्रासाचा. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ दोन तऱ्हेने टाइप होतो. एका कीबोर्डवरून ऱ हे एकच चिन्ह येतं, दुसऱ्यावरून र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन. पडद्यावर तंतोतंत सारखं, बाइट वेगळे. पोस्टग्रेस नावांची तुलना बाइटने करतो, दोन्ही रूपं एक मानत नाही. म्हणजे शेवंतींना झालं तेच, 'दिसतंय पण नाहीये', आणि इथे तर डोळ्यांनी फरकही कळणार नाही. मराठी नावं ठेवायचीच असतील तर ज्यात असं जोडकाम नाही असे छोटे शब्द निवडा.

---

कोरा_कागद

शेवंती, नावं बदलायला स्क्रिप्ट लिहाल तेव्हा एक सांभाळा. टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून बाइंड करता, म्हणजे क्वेरीपासून वेगळं पाठवता, येत नाही, मजकूर म्हणून जोडावंच लागतं. स्वतः हाताने डबल कोट चिकटवू नका, नावातच डबल कोट असेल तर तो दुप्पट करावा लागतो आणि नेमकं तेच राहून जातं. पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅट फंक्शनचा टक्का-आय आहे, क्वोट-आयडेंट आहे. एसक्यूएल सर्व्हरवर क्वोटनेम. आणि बाहेरून आलेलं नाव, उदाहरणार्थ कुठल्या कॉलमने क्रम लावायचा ते, नुसतं कोट करून वापरू नका. आपल्या ठरलेल्या यादीत आहे का ते आधी बघा. एसक्यूएल इंजेक्शनसाठी (बाहेरच्या मजकुरातून क्वेरी घुसवणं) ही वाट उघडी राहिलेली मी बऱ्याच कोडमध्ये पाहिली आहे.

---

शेवंती

इतकं सगळं वाचून ठरवलं की रिपोर्टमध्ये कोट लावत बसायचं नाही, नावंच बदलायची. काल रात्री केलं. कसं केलं ते लिहिते.

आधी नावं स्मॉल केल्यावर दोन टेबलांची टक्कर होते का ते तपासलं. नाव स्मॉल करून ग्रुप केलं आणि एकाहून जास्त मोजणी कुठे ते पाहिलं. एक जोडी निघाली. कुणीतरी फार पूर्वी सेटिंग्ज नावाचं दुसरं टेबल स्मॉलमध्ये बनवून ठेवलं होतं, लिनक्सवर दोन्ही सुखाने राहत होती. एक रिकामं होतं, ते काढलं.

नुसतं स्मॉल केलं असतं तर कस्टमरऑर्डर्स एकसंध झालं असतं, वाचवत नाही. म्हणून प्रत्येक कॅपिटलआधी अंडरस्कोर घालणारी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिली. पहिल्या फेरीत पीडीएफफाइल्सचं पी_डी_एफ_फाइल्स झालं. अशी पाच नावं होती, ती हाताने लिहिली.

मग टक्का-आय वापरून सगळे अल्टर टेबल रीनेम तयार केले आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही) चालवले. मायएसक्यूएलची सवय असल्यामुळे मला हे धाडस वाटत होतं, पण पोस्टग्रेसमध्ये रीनेमही रोलबॅक होतं. लॉक टाइमआउट (टेबल मोकळं व्हायची वाट बघायची मुदत) पाच सेकंद ठेवला होता. पहिल्या प्रयत्नात कुठलंतरी लांबलेलं ट्रान्झॅक्शन आडवं आलं, सगळं मागे फिरलं. दुसऱ्या वेळी झालं. डेटा हलत नसल्यामुळे लगेच संपलं.

व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) आपोआप नवीन नावांवर आले, ते आतून ओआयडीने (टेबलाचा अंतर्गत क्रमांक) जोडलेले असतात म्हणे. पण व्ह्यूच्या बाहेर दिसणाऱ्या कॉलमांची नावं जुनीच राहिली, ती वेगळी बदलावी लागली. फंक्शनच्या आतला एसक्यूएल मात्र नुसता मजकूर, तो सगळा शोधून बदलला. ओआरएमला नावं अंडरस्कोरमध्ये रूपांतरित करायचा पर्याय होता, एका ओळीत काम झालं.

आता एकच अडलंय. आयडीचा पुढचा आकडा बघायला एक स्क्रिप्ट आहे, त्यात पीजी-गेट-सिरियल-सीक्वेन्स (कॉलमला आकडे पुरवणाऱ्या सीक्वेन्सचं नाव देणारं फंक्शन) वापरलंय. टेबलाचं नवीन नाव घातलं, तरी म्हणतो तो कॉलम नाही. कॉलम आहे!

---

जुना_डीबीए

फार नीट काम केलंत. टक्कर आधी तपासलीत हे विशेष.

त्या फंक्शनची दोन्ही आर्ग्युमेंट सिंगल कोटमध्येच जातात, पण त्यांना वेगवेगळे नियम आहेत. पहिल्यात स्कीमा आणि टेबल दोन्ही असू शकतं, म्हणून ते एसक्यूएलच्या नावासारखं वाचलं जातं, कोट नसतील तर स्मॉल होतं. दुसरं नुसतं कॉलमचं नाव, ते जसंच्या तसं घेतलं जातं, फोल्ड होत नाही. स्क्रिप्टमध्ये आयडी कॅपिटलमध्ये राहिलाय का बघा.

आणि सीक्वेन्सचं स्वतःचं नाव टेबलाबरोबर बदलत नाही. डिफॉल्टमध्ये नेक्स्टव्हॅलच्या आत जुनं कॅपिटल नाव डबल कोटसकट दिसेल. काम चालेल, कारण तोही ओआयडीने जोडलेला आहे. पण सीक्वेन्स आणि इंडेक्सचीही नावं बदलून टाका, नाहीतर वर्षभराने दुसरं कुणीतरी इथे हाच धागा काढेल.

---

शेवंती

आयडी कॅपिटलच राहिला होता. स्मॉल केला, पुढचा आकडा आला. सीक्वेन्स एकोणसाठ निघाले, त्यांची स्क्रिप्ट आत्ता चालवतेय.